दादा म्हणतो, "आपल्या घरातल्या मुलींना ही लस कशाला?"

माझी मुलगी १२ वर्षांची, दादाच्या दोघी १३ आणि १५. इंदुरात रामबागेत आम्ही एकत्र राहतो. मुलांच्या डॉक्टरांनी तिघींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूवरची, लस सुचवली. वहिनी आणि माझी बायको तयार आहेत. दादा तेव्हा उठून गेला. रात्री म्हणाला, "संबंधांतून होणारा रोग तो. ही लस देणं म्हणजे आपणच पोरींवर संशय घेणं."

आमची आत्या २००३ मध्ये याच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. अंगावरून रक्त जायचं, ती बोलली नाही, आणि घरातल्या आम्हा पुरुषांपैकी एकानेही विचारलं नाही. मी दारातूनच "बरं आहे ना?" म्हणायचो. त्याची अजून लाज वाटते. दादा तर तिचा लाडका. त्याला न दुखावता कसं समजावू?

उत्तर १
भाऊ, मी नर्स होते. शरीरात शिरलेला विषाणू ही लस काढू शकत नाही, म्हणून तो शिरण्याआधी, ९ ते १४ वर्षांत द्यायची. मुलीच्या वागण्याशी याचा काही संबंध नाही. लग्नानंतर नवऱ्याकडूनही तो येतो, आणि त्याला स्वतःला पत्ता नसतो. दादांना विचारा, उद्याच्या जावयाची हमी ते देतील का? आणि वहिनींना तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू देऊ नका. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे ती करावी लागतेच.

उत्तर २
मी ग्वाल्हेरचा. १५ पूर्ण व्हायच्या आत सुरू केली तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, नंतर तीन. तेव्हा थोरलीचं आधी डॉक्टरांना विचारा. पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीची लस २०२३ पासून मिळते, मुलग्यांनाही चालते. मी मुलगा आणि मुलगी दोघांना दिली. पहिल्या डोसला मी बाहेर गाडीत बसून राहिलो, बायकांचं काम म्हणून. दुसऱ्या वेळी मुलीनेच हात धरून आत नेलं.

प्रश्नकर्ता
ताई, दादा, दोघांचे आभार. काल गच्चीवर आमच्या दादाशी बोललो. जावयाचं ऐकून तो गप्प झाला. मग विचारलं, "आत्याच्या वेळी होती का रे ही लस?" म्हटलं, "लस नव्हती. तपासणी होती." बराच वेळ कठड्याला टेकून उभा होता. खाली जाताना म्हणाला, "थोरलीला तीन लागतील ना?" शनिवारची वेळ घेतली आहे.