स्वप्नातला रोलर कोस्टर : गाडीला उंची कुठून आणली?

वहीच्या मागच्या पानांवर ज्यांनी रोलर कोस्टर काढले, त्या सर्वांना येथे लिहिण्याचे निमंत्रण आहे. अट एकच : गाडी एकदा वर ओढायची, त्यानंतर तिला इंजिन मिळणार नाही, तेव्हा ती उंची आपल्या मुलखात कुठून आणली, हे प्रत्येकाने सांगावे.

सुरुवात मीच करतो. माझे बालपण दौलताबादजवळ गेले, त्यामुळे माझी गाडी देवगिरीच्या माथ्यावरून सुटत असे. किल्ल्याचा डोंगर सुमारे २०० मीटर उंच आहे, आणि घर्षण व हवेचा विरोध सोडून दिल्यास तेथून सुटलेली गाडी पायथ्याशी ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगाने पोहोचते, हा हिशेब मी अकरावीत केला. अमेरिकेत २००५ साली सुरू झालेला आणि बरीच वर्षे जगात सर्वांत उंच असलेला ‘किंगडा का’ नावाचा कोस्टर १३९ मीटरचा होता, हे कळल्यावर तर मला आपण विश्वविक्रमच केल्यासारखे वाटले. वाटेत गाडी अंधारीच्या बोगद्यातून जाई. पुरातत्त्व खाते तेथे एक खिळाही ठोकू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

लातूरहून : बारावीला मी खोलीवर राहत होते आणि मेसचा डबा येईपर्यंत कोस्टर काढत बसे. त्यातला उलटा वळसा कंपासने काढलेला, अगदी बिनचूक गोल असे. भौतिकशास्त्राच्या सरांनी वही पाहिली तेव्हा ते रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी मला गणितच घातले. इंजिनाविना सुटलेली गाडी गोल वळशाच्या माथ्यावर रूळ न सोडता पार व्हायची असेल, तर ती त्रिज्येच्या किमान अडीच पट उंचीवरून सुटली पाहिजे. आणि मग तळाशी माणसाला स्वतःचे वजन सहापट जाणवते, म्हणजे पन्नास किलोची मी तीनशे किलोची होणार. वर्तुळ लहान करा वा मोठे, तो सहाचा आकडा हलत नाही, याचे मला फार वाईट वाटले. अभियांत्रिकीला गेल्यावर कळले की खऱ्या कोस्टरचा वळसा म्हणूनच थेंबासारखा, खाली पसरट आणि माथ्यावर आवळलेला असतो. जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगेल यांनी १९७६ साली कॅलिफोर्नियातील कोस्टरसाठी असाच आकार योजला होता. आता मी वळसा कंपासशिवाय काढते.

परभणीहून : आमचे शिवार ताटासारखे सपाट, त्यामुळे माझी उंची लोखंडाचीच होती. वडील गवंडीकाम करीत. चाळीस मीटरचा मनोरा मी त्यांना मोठ्या अभिमानाने दाखवला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "पाया कुठवर नेणार रे?" काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तेव्हा तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर उभा केलेला रूळ दोन ऋतूंत वाकडा होईल, म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली गेलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. जत्रेतला रहाटपाळणा त्याच मातीवर लाकडी ठोकळ्यांच्या आधाराने उभा राहतो, पण तो आठ दिवसांत उठणारा. तेव्हापासून माझ्या चित्रांत जमिनीची रेघ कागदाच्या मध्यावर असते.

बीडहून : आईवडील ऊसतोडीला जात, आणि मीही ट्रकवर सामानाच्या ढिगावर बसून जाई. घाटातल्या उंचवट्यावरून ट्रक झपाट्याने उतरला की पोटात खड्डा पडे आणि आई माझा दंड घट्ट धरी. मला कोस्टरमध्ये तोच क्षण हवा होता. त्यासाठी फेकलेला दगड ज्या वाटेने खाली येतो, तिच्यापेक्षा रूळ किंचित लवकर खाली वळवावा लागतो. मग शरीर आसनावरून उचलले जाते आणि मांडीवरचा दांडा आईचे काम करतो. उंची मांजरसुंब्याच्या घाटातून घेतली आहे.

नळदुर्गहून : माझी उंची किल्ल्यातल्या बंधाऱ्याची, जेथे पाणीमहाल आहे. भारनियमनामुळे साखळीच्या मोटारीवर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी दोरखंडाच्या दुसऱ्या टोकाला मोठी टाकी बांधली. ती वर भरायची, तिच्या वजनाने गाडी चढायची, आणि खाली टाकी रिकामी करायची. बोरी नदीला पाणी असेल तेवढेच दिवस हा कोस्टर चालेल, हे मी तिकिटाच्या चित्रावरही लिहून ठेवले आहे.