प्रति: टॅक्सीवाल्यांचा हिप्पोकॅम्पस

लंडनच्या टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या आठवणी आणि वाटा सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा भाग मोठा असतो असं २००० सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. 'ज्यांचा हिप्पोकॅम्पस मुळातच मोठा, तेच लंडनमध्ये टॅक्सीवाले होत असतील', ही त्यावर घेतली जाणारी शंका त्या अभ्यासापुरती रास्त आहे. तिथे मेंदू-संशोधक एलिनर मग्वायर यांनी १६ चालकांचे एमआरआय एकदाच काढले होते, त्यामुळे आधी काय आणि मागाहून काय हे कळणं शक्यच नव्हतं. पण गोष्ट तिथे थांबली नाही. २०११च्या अभ्यासात त्यांनी आणि कॅथरीन वूलेट यांनी टॅक्सी परवान्याच्या परीक्षेची तयारी करणारे ७९ शिकाऊ उमेदवार सुरुवातीलाच गाठले. ही मंडळी मोपेडच्या हँडलवर नकाशाचा कागद लावून तीन-चार वर्षं गल्ल्या पालथ्या घालतात. मध्य लंडनमधल्या चॅरिंग क्रॉसभोवतालचे साधारण २५ हजार रस्ते तोंडपाठ असावे लागतात. आरंभी सगळ्यांचे मेंदू सारखेच होते. शेवटी ३९ जण पास झाले आणि हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग फक्त त्यांचाच वाढलेला दिसला.

मला मात्र त्यातली दुसरी बाजू जास्त रंजक वाटते, तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. रेघारेघांची एक किचकट आकृती आधी बघून उतरवायची आणि नंतर आठवून पुन्हा काढायची, अशी एक चाचणी असते. तिच्यात हे पास झालेलेच मागे पडले! म्हणजे रस्ते डोक्यात बसले, पण नवीन चित्र लक्षात ठेवणं थोडं अवघड झालं. ठरलेल्या मार्गावरून फिरणाऱ्या बसचालकांशी २००६ मध्ये तुलना केली तेव्हाही असंच काहीसं दिसलं होतं. तेव्हा 'मेंदूचा व्यायाम' म्हणून ॲप विकणाऱ्यांनी हा दाखला देताना जरा जपून.