मकावमध्ये दोन रात्री, कमी खर्चात: सल्ला हवा आहे

विसावा:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही हाँगकाँगला जातोय. मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. मुंबईहून विमानाची तिकिटं झाली आहेत. त्यातल्या दोन रात्री मकावला काढायच्या मनात आहेत. जुगार कुणालाच खेळायचा नाही. मुलाला कसिनोंचा झगमगाट बघायचाय, मला जुनं पोर्तुगीज गाव. पण ट्रॅव्हल एजंटने सांगितलेला आकडा ऐकून नवऱ्याने मकाव यादीतून काढूनच टाकलं. व्हिसा लागतो का? राहायचं कुठे? सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. त्यांना झेपेल का? कृपया कळवा.

सांजवारा:
जरूर जा. एजंटची गरजच नाही, सगळं स्वतः करता येतं.

भारतीय पासपोर्टवर मकावमध्ये ३० दिवस व्हिसा लागत नाही. हाँगकाँगसाठी मात्र निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करायची असते. ती फुकट आहे, सहा महिने चालते आणि त्या मुदतीत पुन्हा पुन्हा प्रवेश करता येतो, म्हणजे मकावहून परततानाही तीच उपयोगी पडते. चौघांची वेगवेगळी नोंदणी करा, मुलाचीही. नोंदणीची चिठ्ठी छापून, सही करून प्रत्येकाच्या पासपोर्टात ठेवा.

जायला बोटीपेक्षा पुलावरची बस बरी. ५५ किलोमीटरचा हाँगकाँग-झुहाय-मकाव पूल २०१८ साली सुरू झाला. त्यावरची शटल बस दिवसा ६५ हाँगकाँग डॉलर घेते, साधारण चाळीस मिनिटांत पोचवते आणि रात्रभर चालू असते. बोटीचं भाडं दुपटीहून जास्त आहे. एकच लक्षात ठेवा, ही बस सुटते विमानतळाजवळून. कौलूनमध्ये (हाँगकाँग शहराचा भाग) राहून मधल्या दिवशी मकावला जाल तर आधी तिथवर यायचा वेळ आणि भाडं वाया जाईल. त्यापेक्षा मुंबईहून उतरलात की थेट मकाव गाठा, नाहीतर परतीच्या विमानाआधीच्या दोन रात्री तिथे ठेवा.

आणि वार बघा! रविवार ते गुरुवारचे दर आणि शुक्रवार-शनिवारचे दर यांत फार फरक पडतो. तुमचा आठवडा चांगला निवडलाय. नोव्हेंबरची मोटारींची ग्रां प्री संपलेली असते (त्या वेळी शहरातले रस्तेच शर्यतीसाठी बंद करतात), हवा कोरडी असते आणि नाताळची गर्दी सुरू व्हायची असते.

रानजाई:
मी पणजीची, आणि मकावही गोव्यासारखंच पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

लोक मकावला जातात, कसिनो बघतात आणि संध्याकाळच्या बोटीने परत फिरतात. याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण जे फुकट आहे तेच तिथे सगळ्यात सुंदर आहे. सेनादो चौकात काळ्या-पांढऱ्या दगडांच्या चिपांची लाटांची नक्षी पायाखाली पसरलेली असते. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांवर गल्ल्यांची नावं, पोर्तुगीज आणि चिनी दोन्हींत. पणजीच्या फोंताइन्यासमध्ये (आमची जुनी पोर्तुगीज वस्ती) वाढलेल्या माणसाला ते बघून क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळत नाही. २००५ पासून हा जुना भाग जागतिक वारसा यादीत आहे. सेंट पॉलच्या चर्चची दर्शनी भिंत तेवढी उभी आहे, बाकीचं १८३५ च्या आगीत गेलं. बघायला पैसे पडत नाहीत.

सासूबाईंसाठी असं करा. टॅक्सीने लिलाऊ चौकात उतरा. वडाखाली बसायला जागा आहे. शेजारीच मँडरिन्स हाऊस, जुना चिनी वाडा, तोही फुकट. तिथून रस्ता उतरत उतरत आ-मा या समुद्रदेवीच्या देवळापर्यंत जातो, म्हणजे गुडघ्यांना चढ नाही. वाटेत पिवळ्या-पांढऱ्या कमानींची लांब ओसरी असलेली इमारत लागेल, मूरिश बॅरक्स. १८७४ साली ती बांधली गोव्याहून नेलेल्या शिपायांना राहायला. मकावच्या पोलिसांच्या मदतीला आपल्याकडची माणसं इतक्या लांब नेली होती! पाटीवर दोन ओळी आहेत, बहुतेक लोक न वाचताच पुढे जातात. मुलाला तिथे थांबवा आणि वाचायला लावा. सेंट झेवियरचं शव जुन्या गोव्यात आहे हे त्याला ठाऊक असेलच. त्यांच्या दंडाचं हाड मकावच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये ठेवलंय.

राहायलाही जुन्या गावातच राहा. सेनादोच्या आसपास साधी, छोटी हॉटेलं आहेत. सकाळी आठला बाहेर पडलात की पर्यटकांच्या झुंडी यायच्या आत चौक तुमचा. घरगुती खोल्यांच्या नादी मात्र लागू नका. विनापरवाना घरात पाहुणे ठेवायला मकावमध्ये २०१० पासून कायद्याने बंदी आहे.

खडूपाटी:
रानजाई, गावाबद्दल शंभर टक्के सहमत, राहण्याबद्दल नाही. चौघे आहेत, त्यात एक आजी. जुन्या गावातल्या छोट्या हॉटेलांत खोल्या चिमुकल्या, काही ठिकाणी जिना चढून वर जावं लागतं, आणि चौघांना दोन खोल्या घ्याव्याच लागतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी कोताईतल्या (मोठ्या कसिनोंचा नवा भाग) मोठ्या कसिनो हॉटेलात दोन मोठ्या पलंगांची एक प्रशस्त खोली अनेकदा त्या दोन खोल्यांच्या बेरजेइतक्याच पैशांत पडते. कसिनोला कमाई जुगारातून, खोली हे गिऱ्हाईक आणायचं साधन. खेळणार नसाल तर फायदा तुमचाच. दर बघताना १० टक्के सेवाशुल्क आणि ५ टक्के पर्यटन कर धरलेत की नाहीत तेवढं तपासा. आरक्षण करतानाच चौथा माणूस सांगून टाका.

पुलाच्या नाक्यावरून आणि बोटीच्या धक्क्यांवरून मोठ्या हॉटेलांच्या बस फुकट नेतात. एरवी शहर बस. रोख दिले तर ६ पटाका (मकावचं चलन), सुटे हवेत, उरलेले परत मिळत नाहीत. मकाव पास कार्ड घेतलंत तर बहुतेक मार्गांवर ३. एक पटाका म्हणजे साधारण दहा-अकरा रुपये. हाँगकाँग डॉलर सगळीकडे चालतात, एकास एक धरतात. उलट मात्र होत नाही, हाँगकाँगात पटाका कुणी घेत नाही. म्हणून दुकानात सुटे हाँगकाँग डॉलरमध्येच मागून घ्या.

झगमगाटाला तिकीट नाही. कोताईतल्या कसिनो हॉटेलांतच बघा: विन पॅलेसची कारंजी, पॅरिसियनचा निम्म्या उंचीचा आयफेल टॉवर खालून, व्हेनेशियनचा छताखाली बांधलेला कालवा. नावेत बसायचे पैसे पडतात, काठाने फिरायचे नाहीत. जुगाराच्या दालनात २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, फोटोही काढू देत नाहीत. मुलाला घेऊन कडेच्या वाटेने वरच्या बाजारात जाता येतं, त्याला काही कमी पडणार नाही.

सांजवारा:
खाण्याचं राहिलंच. सेंट पॉलच्या पायथ्याशी गल्लीत दुकानदार बदामाच्या बिस्किटांचे तुकडे आणि सुक्या मांसाच्या पट्ट्या कापून चाखायला देतात. ती बिस्किटं दिसायला अगदी नानकटाईसारखी, पण पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. आजींना आधीच सांगून ठेवा, हातात आल्यावर नाही. एग टार्टही त्यांना बाद. सुपरमार्केटात फळं, पाव, दही मिळतं. घरून थेपले, खाकरे, पाणी घालून होणारे पोहे-उपमा न्या. खोलीत पाण्याची किटली असते, तरी आरक्षण करताना विचारा. आपली पिन बसत नाही, चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागेल. तोच हाँगकाँगलाही चालतो.

विसावा:
तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंत! नवऱ्याला धागा वाचायला दिला. सोमवार-मंगळवार, कोताई, एक मोठी खोली असं ठरतंय, आणि उतरल्या उतरल्या थेट मकाव. जुनं गाव मंगळवारी दिवसभर. बुधवारी सकाळी तीनेक तास मोकळे आहेत, सासूबाईंना चालायला फार नको. काय करू?

रानजाई:
कोलोआन, मकावच्या दक्षिणेचं जुनं गाव! कोताईहून २६ए बस पकडा, गावात चौकापाशी उतरा. पाण्याच्या कडेने सपाट रस्ता आहे, पलीकडे चीनचा किनारा दिसतो. सेंट झेवियरचं पिवळं छोटं चर्च तिथेच, पुढ्यात कमानींखाली टेबलं मांडलेली असतात. लॉर्ड स्टोची बेकरीही याच गावात आहे, एग टार्ट तुम्ही तिघांनी तिथेच खा. परतीची बसही चौकातूनच मिळते. सामान हॉटेलात ठेवून जा, खोली सोडल्यावरही ते सांभाळतात.