डेड सेल्स: मरायचं, परत पहिल्यापासून, परत मरायचं. यात मजा नक्की कुठंय?

रात्रपाळी_पुणे:
मंडळी, खरंच विचारतोय, भांडायला आलो नाहीये. ऑफिसातल्या एका पोराच्या नादाने सेलमध्ये डेड सेल्स हा व्हिडिओ गेम घेतला. ग्राफिक्स कडक, हाणामारी मस्त, सगळं मान्य. पण कसंबसं त्या काळ्या पुलापर्यंत पोचायचं, तिथे तो कॉन्सिएर्ज नावाचा बॉस उड्या मारमारून चेचणार, की परत कैदखान्यात, हातात तीच गंजकी तलवार, सोनं गेलं, चांगलं धनुष्य मिळालेलं ते गेलं आणि वर नकाशाही बदललेला, म्हणजे जे पाठ केलं तेही पाण्यात. लहानपणी टीव्हीला जोडायच्या त्या डब्यावर कॉन्ट्रा खेळलोय, तोही काही सोपा नव्हता, पण निदान कुठे कोण येणार हे ठरलेलं असायचं ना. इथे लोक शेकड्यांनी तास घालवतायत. काय दिसतं तुम्हाला यात?

बदामसत्ती:
कॉन्ट्राचं नाव काढलंस तिथेच अर्धं उत्तर आहे बघ. कॉन्ट्रात लेवल पाठ व्हायची. इथे लेवल पाठ होत नाही, शत्रू पाठ होतो. पहिल्याच लेवलमधला तो बॉम्ब फेकणारा घे, ग्रेनेडियर. तू खाली झोंबीशी लढत असतोस आणि त्याचे बॉम्ब वरच्या मजल्यावरून फरशी भेदून येतात, पहिल्यांदा वाटतं ही चीटिंग आहे. मग कधीतरी लक्षात येतं की वार करायच्या आधी प्रत्येकाच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येतं, त्यानंतर ठरलेल्या वेळाने वार पडतो, आणि हे कधीच बदलत नाही. बदलतं ते फक्त कुठे, किती उंचीवर आणि जोडीला कोण. म्हणजे मेंढीकोटासारखं, पानं दर डावाला वेगळी पण हुकूम कधी काढायचा हे ज्याला कळतं तोच जिंकतो.

आणि नकाशा वाटतो तेवढा अंदाधुंद नाहीये. मोशन ट्विन म्हणून फ्रान्सच्या बोर्दोमधली छोटी टीम आहे (सगळे भागीदार आणि पगार सगळ्यांना सारखा, हा वेगळाच विषय), त्यांनी खोल्या हाताने बनवल्यात आणि प्रत्येक लेवलचा सांगाडाही आधी ठरवलाय, कॉम्प्युटर फक्त कुठली खोली कुठे जोडायची ते बघतो. म्हणून गटारांची लेवल दर वेळी वेगळी असूनही गटारांचीच वाटते. नुसतं रँडम टाकलं असतं तर दोन दिवसांत बोअर झालं असतं.

आळशी_मांजर:
बदामसत्ती तत्त्वज्ञान सांगून मोकळा झाला, मी कामाचं सांगते 😄 रात्रपाळी दादा, ताकद वाढवणारे स्क्रोल मिळाले की लाल जांभळा हिरवा असे तिन्हीकडे वाटताय का? नका वाटू. एक रंग धरा आणि त्याच रंगाची शस्त्रं घ्या, डॅमेज एकावर एक चढत जातं. मार बसल्यावर हेल्थच्या पट्टीत नारिंगी तुकडा दिसतो ना, तो लगेच उलटा वार केलात तर परत मिळतो, म्हणजे मार खाल्ल्यावर पळायचं नाही, अंगावर जायचं. नवीन माणूस नेमका पळतो आणि मरतो. बंद दारावर रोल मारून आत घुसा, दार फुटतं आणि मागे उभा असलेला गपगार होतो. आणि एकदा ढाल घेऊन बघाच. वेळेवर उचलली तर बाण त्याचा त्यालाच परत.

आता मजा कुठंय म्हणाल तर माझ्यासाठी ती शापित पेटीत आहे. उघडली की आतला माल तुमचा, पण दहा शत्रू मारेपर्यंत एक जरी फटका बसला तर खेळ खल्लास, हेल्थ कितीही असो. आणि मग जो झोंबी इतका वेळ न बघता कापत होतात तोच एकदम राक्षस वाटायला लागतो. आकडा दहावरून खाली येत असतो, मी प्रत्येक कोपऱ्यावर थांबते, वरून कोणी पडतंय का बघते, जिन्यावरून उतरायलाही घाबरते. दोनवर आला की हात घामाने ओले. आणि कोणी जबरदस्ती केलेली नसते हो, पेटीशेजारून गुपचूप निघून जाता येतं! तरी मी उघडते. नवरा म्हणतो एवढी सावध तू गाडी चालवतानाही नसतेस.

जुनाट_खोड:
सगळे एवढं कौतुक करताय म्हणून उलट बाजू मांडतो. डेड सेल्स चांगला गेम आहे पण त्यातली अर्धी ओढ ही खेळाची नाही, हावरटपणाची आहे. शत्रूंकडून सेल्स गोळा करा, लेवल संपल्यावर त्या कलेक्टर नावाच्या पात्राला द्या, मग नवीन शस्त्र उघडणार, हेल्थ भरून काढणारा फ्लास्क वाढणार. मधेच मेलात तर हातातले सेल्स गेले. म्हणजे हरलो तरी काहीतरी 'जमा' झालं असं वाटावं म्हणून केलेली सोय. असली सोय काढून टाका आणि मग बघा किती जण टिकतात. १९८० चा 'रोग' (Rogue) नावाचा गेम, ज्याच्यावरून असल्या गेम्सना 'रोगलाइक' हे नाव पडलं, त्यात टर्मिनलवर नुसती अक्षरं फिरायची, मेलात की सेव्ह फाइल गायब, पुढच्या डावाला काहीही मिळायचं नाही. 

असला अस्सल गेम बघायचा असेल तर स्पेलंकी. चार हेल्थ, चार बॉम्ब, चार दोर, बस. शंभर तास खेळलेल्याला पण एवढंच मिळतं. त्यात भिंतीत बाणाचा सापळा असतो, समोरून काहीही गेलं की सुटतो, तुम्ही, वटवाघूळ, दगड, काहीही. म्हणून शहाणा माणूस आधी एक मडकं फेकतो, बाण वाया घालवतो, मग जातो. हे गेम कुठेच सांगत नाही. छातीत बाण बसल्यावर कळतं. आणि रेंगाळलात तर भूत येतं, २०१२ च्या आवृत्तीत अडीच मिनिटांनी. त्यामुळे हाव आणि घाई यांची कायम मारामारी.

बदामसत्ती:
@जुनाट_खोड सेल्सचं पटलं नाही. शस्त्रं उघडली की पर्याय वाढतात, ठीक आहे, पण पॅरी करायचं, म्हणजे ढालीने वार परतवायचं, टायमिंग कलेक्टरकडे विकत मिळत नाही. शिवाय शेवटच्या बॉसला, हँड ऑफ द किंगला, हरवलं की बॉस सेल मिळतो आणि तो घालून खेळलं की गेम अजून अवघड होतो, असे पाच. तिथे नुसत्या जमाखर्चाने कोणी टिकत नाही. 

जुनाट_खोड:
पाचपर्यंत पोचणारे किती? बाकीचे पहिल्या दुसऱ्यावरच 'अजून एक रन' (म्हणजे पहिल्यापासून अजून एक डाव) करत रात्रीचे दोन वाजवतात, तेच म्हणतोय मी.

रात्रपाळी_पुणे:
दोघंही बरोबर वाटताय हीच पंचाईत आहे 😅 ढालीचं आणि एका रंगाचं माहीतच नव्हतं, मी सगळीकडे थोडं थोडं वाटत होतो. पण माझी खरी अडचण वेळेची आहे. पोरगी दीड वर्षाची, ती झोपली की जेमतेम पाऊण तास मिळतो, त्यात चाळीस मिनिटं जाऊन मेलो तर डोकं फिरतं. 

आळशी_मांजर:
अहो मग मोबाइलवर घ्या, अँड्रॉइडवर २०२० पासून आहे, मी लोकलमध्ये खेळते, मधेच बंद केलं तरी रन तिथूनच पुढे चालू होतो. आणि २०२२ मध्ये असिस्ट मोड आलाय, शत्रूंचा मार कमी करा, सापळे हळू करा, मेल्यावर पुढे चालू ठेवा, पाहिजे ते. 

सरळसोट_४२:
असिस्ट लावून खेळायचं तर यूट्यूबवर बघा ना, पैसे तरी वाचतील.

आळशी_मांजर:
तुम्ही दीड वर्षाचं पोर झोपवून दाखवा, मग बोलू. स्वतःच्या पैशाने घेतलेला गेम कसा खेळायचा याची परवानगी कोणाकडून घ्यायची आता. माझ्या भावाचं मनगट दुखावलेलं, तो ऑटो हिट, म्हणजे आपोआप वार होणारी सोय, लावूनच खेळतो आणि रस्ता कुठला घ्यायचा, कुठली पेटी सोडायची हे माझ्यापेक्षा चांगलं ठरवतो.

बदामसत्ती:
+१. पण रात्रपाळी, तू आत्ता लगेच लावू नकोस, आधी ढाल घेऊन कॉन्सिएर्जला एकदा भेट. तो उडी मारतो तेव्हा मागे पळू नकोस, रोल मारून त्याच्या खालून पलीकडे जा. पळालास की तो तुझ्या डोक्यावरच उतरतो.

रात्रपाळी_पुणे:
बरं, बघतो आज रात्री. @जुनाट_खोड ते स्पेलंकी आधी फुकटात ट्राय करता येतं का?

जुनाट_खोड:
२००८ चा मूळचा फुकटच आहे, विंडोजवर चालतो. दिसायला साधा आहे पण सापळे तेवढेच हरामी. त्यातल्या दुकानदाराच्या वाट्याला मात्र जाऊ नको.