मदत हवी आहे: बाबांची टेलोमिअर चाचणी करावी का?

नमस्कार मंडळी. मुलुंडला राहतो. बाबांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर एका लॅबची जाहिरात फिरतेय: रक्तातून टेलोमिअरची (डीएनएच्या टोकाला असलेल्या शेपटीची) लांबी मोजून ‘खरं वय’ सांगणार, वर ते कमी करायच्या कॅप्सूलही देणार. बाबा हट्टाला पेटलेत.

माझं बीएस्सीपुरतं ज्ञान असं: पेशी विभागताना डीएनएच्या टोकाची पूर्ण नक्कल होत नाही, म्हणून टीटीएजीजीजी या अक्षरांची ती शेपटी दर खेपेला थोडी झिजते. हेफ्लिक या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवलं की माणसाच्या पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात. टेलोमरेज हे एन्झाइम शेपटी पुन्हा वाढवतं खरं, पण बहुतेक कॅन्सरच्या पेशीही त्याच्याच जोरावर विभागत राहतात. मग ते वाढवायला कॅप्सूल कशाला गिळायची? आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांचे टेलोमिअर आपल्यापेक्षा लांब, आयुष्य मात्र दोन-तीन वर्षांचं!

इथल्या डॉक्टर आणि जीवशास्त्रवाल्यांना विचारायचंय: पांढऱ्या पेशींवरून काढलेल्या एकाच आकड्याला कितपत अर्थ असतो? समवयस्कांमध्येही बराच फरक असतो ना? बाबांना दाखवता येईल असं कुणी चार ओळींत लिहून द्याल का? माझं ते ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकतील.