राय: बुलेट की रिटनहाउस?
बुलेट (मोटरसायकल नव्हे!) आणि रिटनहाउस या दोन अमेरिकन राय व्हिस्क्या, म्हणजे राय नावाच्या गव्हासारख्या धान्यापासूनच्या. दोघींमध्ये एकोणीस-वीसचाच फरक, हे मत काही पटलं नाही. अमेरिकेत धान्यात ५१ टक्के राय असली की लेबलवर राय लिहिता येतं. रिटनहाउस त्या किमान मर्यादेजवळच. उरलेला बहुतेक मका, म्हणून चव गोडसर, व्हॅनिलाकडे झुकणारी. बुलेट राय मात्र ९५ टक्क्यांची, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातली. ग्लास नाकाशी नेला की पुदिना, मिरी आणि चक्क शेपू! शेपू न आवडणाऱ्यांनी आधी पेगभर चाखूनच बाटली घ्यावी.

मॅनहॅटन (व्हिस्की आणि गोड व्हर्मुथचं कॉकटेल; व्हर्मुथ म्हणजे वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) करायचं तर मी डोळे झाकून रिटनहाउस घेईन. ती 'बॉटल्ड इन बाँड', म्हणजे १८९७ च्या कायद्याप्रमाणे किमान ४ वर्षं मुरलेली, अल्कोहोल बरोब्बर ५० टक्के. गोड व्हर्मुथपुढे ती दबत नाही.