उसना शांतपणा कितपत योग्य?

प्रश्न (सदाशिव पेठ): गेल्या महिन्यात वडिलांची अँजिओप्लास्टी चालू असताना काका बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून इतके निवांत बसले होते, की मला त्यांचा रागच आला, मात्र तासाभरात त्यांनी एकही पान उलटले नव्हते, हे घरी आल्यावर उमगले. असा आव आणणे योग्य आहे का?

प्रतिसाद (कोथरूड): त्याला ढोंग म्हणू नये. कर्ता माणूस डगमगला, तर बाकीच्यांचा धीर सुटतो. शरीराला मात्र फसवता येत नाही: १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रॉस आणि लेव्हेन्सन यांच्या प्रयोगात भावना चेहऱ्यावर येऊ न देणाऱ्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता, जी घामाबरोबर वाढते, ती वाढलेली आढळली.

प्रतिसाद (औंध): माझे मत थोडे वेगळे आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाचे मनच दुःखात उद्विग्न होत नाही. आपण फक्त चेहरा सांभाळतो, म्हणून निदान एका माणसापाशी तरी मन मोकळे करावे.

प्रश्नकर्ता: आपले म्हणणे पटले. काल काकांना पर्वतीवर नेले. पायऱ्यांवर टेकल्यावर ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी मला अक्षरच लागत नव्हते रे."